"वायरिंग ओके आहे, साहेब": टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटचा माझा अनुभव

हे वाक्य मी एका वर्कशॉपमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की अजून आठवलं तरी संताप येतो. वायरिंग ओके नव्हतं. ते ओके नाही हे एका जम्पर वायरने (दोन पिना थेट जोडणाऱ्या वायरच्या तुकड्याने) सिद्ध करता येत होतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं तिथे झालं.

माझ्या गाडीची तक्रार साधी होती. चेक इंजिनचा दिवा लागला, मायलेज उतरलं, इंजिन तापल्यावरही आयडलिंग चढंच राहायचं आणि टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेपर्यंत पोचायचा नाही. स्कॅनरवर कोड पी०१२८. म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) अपेक्षित वेळेत थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) तापमानाला पोचलं नाही असं ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं, म्हणणं. यात दोन शक्यता असतात: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय आणि कूलंट खरंच गार आहे, किंवा कूलंट व्यवस्थित तापलंय पण ईसीयूपर्यंत चुकीचा आकडा जातोय. आधी कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला. कोड परत आला. मग थर्मोस्टॅट बदलला. कोड परत आला. दोन्ही वेळा गाडी गार असताना तपासली, आणि दोन्ही वेळा सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून, मीटर लावून मला दाखवलं: "हे बघा, पाच व्होल्ट येतोय. वायरिंग ओके आहे."

पाच व्होल्ट येणारच. ईसीयू आतल्या एका रेझिस्टरमधून सेन्सरच्या वायरला पाच व्होल्ट देतो, आणि सेन्सर जसा तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होऊन ते व्होल्टेज खाली येतं. कपलर काढून मीटर लावला की सर्किटमधून करंट जवळजवळ वाहतच नाही. मीटर स्वतः नगण्य करंट घेतो. त्यामुळे वायर आतून सडून एखाद-दुसऱ्या तारेवर लटकत असली तरी मीटर खुशाल पाच दाखवतो. दोष दिसायला करंट वाहावा लागतो, म्हणजे सर्किट जोडलेलं असावं लागतं.

शेवटी गाडी घरी आणली आणि स्वतः बसलो. आधी खरं तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरला, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो फार कमी दाखवतो, म्हणून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरला. तिथे नव्वदच्या आसपास. त्याच क्षणी स्कॅनरच्या लाइव्ह डेटात त्रेसष्ट. म्हणजे थर्मोस्टॅट निर्दोष होता, आणि जुनाही बहुतेक निर्दोषच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, इग्निशन ऑन करून कपलर काढला. स्कॅनर उणे चाळीसवर गेला. हे बरोबर, सर्किट उघडं पडलं की हाच आकडा यायला हवा. मग कपलरच्या दोन्ही पिना बारीक जम्पर वायरने एकमेकींना जोडल्या. रेझिस्टन्स शून्य म्हणजे सेन्सर भयंकर तापलाय असं ईसीयूला वाटलं पाहिजे, आकडा एकशे तीसच्या वर उडाला पाहिजे. तो ब्याऐंशीवर जाऊन थांबला, आणि तिथून हलेना. जम्पर काढून पुन्हा जोडला, पुन्हा ब्याऐंशी. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे.

माझ्या गाडीतल्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना ३०० च्या जरा वर आणि १०० अंशांना २०० च्या आत असतो. जम्पर लावूनही ब्याऐंशी दिसतं म्हणजे वायरमध्येच तीनशे ओहम कुठेतरी बसलेत. सकाळच्या दोन-अडीच हजारांत हे तीनशे मिसळले तर तीन-चार अंशांचा फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. गरम इंजिनच्या अडीचशेत मिसळले की सत्तावीस अंश गायब. गार गाडीवर तपासणाऱ्याला हा दोष कधीच का सापडला नाही, ते इथे कळतं.

यातली खरी भीतीची गोष्ट वर्कशॉपमध्ये कुणी बोललंच नाही. या अवस्थेत ईसीयूला ब्याऐंशीच्या वरचा आकडा कधीच दिसणार नव्हता, आणि रेडिएटरचा पंखा त्याहून वरच्या आकड्याला लागतो. धावत्या गाडीत वाऱ्यावर निभावतं. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की कूलंट उकळेपर्यंत काटा खालीच. अशी शंका असेल तर उभ्या गाडीत एसी चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत त्याने पंखा लागतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका.

पुढचं भराभर झालं. सिग्नलची पिन सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, तर आकडा लगेच एकशे तीसच्या पार. म्हणजे सिग्नलची वायर चांगली, दोष सेन्सरच्या अर्थ वायरमध्ये (निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वायरमध्ये). त्याच अर्थवर चालणारे बाकीचे सेन्सर बरोबर आकडे देत होते, त्यामुळे शोध हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) सामाईक जोडापासून कपलरपर्यंतच्या वीतभर वायरपुरता उरला. क्लिपखाली जिथे ती वळते तिथे इन्सुलेशन बोटांना मऊ लागलं, ओढल्यावर रबरासारखं ताणलं. कापून पाहिलं तर आत हिरवी भुकटी आणि तांब्याच्या मोजक्या काळ्या तारा.

तेवढा तुकडा बदलला, सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं, आणि वळणावर ताण येणार नाही इतकी ढिलाई ठेवली. हे करताना बॅटरीची वायर काढून ठेवा. आणि हो, या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, त्याचा करंट ईसीयूला झेपणारा नसतो, मल्टिमीटरच वापरा. सर्किट जोडलेलं ठेवून सेन्सरची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह असं व्होल्टेज मोजलं तरी हा दोष पकडता येतो. दुरुस्तीआधी माझ्याकडे अर्धा व्होल्ट येत होता, नंतर जेमतेम दोन-तीन शतांश.

आता गरम इंजिनला स्कॅनर आणि थर्मामीटर एकच बोलतात, पंखा वेळेवर लागतो, कोड परत आलेला नाही. कापलेला वायरचा तुकडा मी वर्कशॉपच्या काउंटरवर नेऊन ठेवला. थर्मोस्टॅटचे पैसे त्यांनी परत दिले नाहीत, पण जॉब कार्डवर "सेन्सरची अर्थ वायर खराब होती" एवढं त्यांच्या सही-शिक्क्यासह लिहून घेतलं.