आमची वाटचाल : व्हायरलची हमी न देता

आमच्याकडे येणाऱ्या चौकशीत एक अपेक्षा हमखास असते : ‘व्हिडिओ व्हायरल झाला पाहिजे.’ आम्ही व्हिडिओ बनवणारी छोटी मंडळी. लेखन, चित्रीकरण, एडिटिंग सगळं घरचंच. सुरुवात समारंभांच्या चित्रीकरणाने झाली, मग हळूहळू उद्योगांसाठी ऑनलाइन व्हिडिओ करू लागलो आणि तेव्हापासून ही अपेक्षा आमच्या मागे आहे. ती चुकीची नाही. पैसे घालणाऱ्याला आपली गोष्ट चार लोकांपर्यंत पोहोचावी असं वाटणारच. म्हणूनच काही व्हिडिओ एवढे का चालतात, हे नीट समजून घ्यायचं आम्ही ठरवलं.

यूट्यूबने २०१२ साली शिफारशींचं गणित बदललं. आधी क्लिकला महत्त्व होतं, पुढे प्रेक्षक व्हिडिओ किती वेळ बघतो याला आलं. आमच्या धंद्यावर या एका बदलाचा जेवढा परिणाम झाला तेवढा कुठल्याच नव्या कॅमेऱ्याचा झाला नाही. भडक थंबनेलने, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राने, माणूस आत येतो, पण पहिल्या काही सेकंदांत निघून गेला तर उपयोग शून्य. आजही प्रत्येक व्हिडिओनंतर आम्ही क्लायंटला शेजारी बसवून प्रेक्षक कुठे गळाले त्याचा आलेख दाखवतो. फिरता लोगो आला की रेघ खाली. ‘नमस्कार, आज आपण पाहणार आहोत’ आलं की आणखी खाली. आलेख डोळ्यांनी पाहिला की लोगो शेवटी न्यायला कुणी हरकत घेत नाही.

पण टिकून बघणं वेगळं आणि दुसऱ्याला पाठवणं वेगळं. जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे कोणते लेख लोक सर्वाधिक ईमेलने पाठवतात हे तपासलं होतं. थक्क करणारे, संताप आणणारे, काळजीत टाकणारे लेख जास्त फिरले. नुसते उदास करणारे मागे राहिले. अभ्यास लेखांचा असला तरी व्हिडिओच्या कामात आम्हालाही तेच दिसतं. भावना अशी हवी की माणूस स्वस्थ बसू शकणार नाही. संताप हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग आणि तशी मागणीही येते. ती कामं आम्ही घेत नाही. कुणाला तरी खलनायक करून मिळवलेले व्ह्यूज त्या उद्योगाच्या नावाला कायमचे चिकटतात, असं आमचं ठाम मत आहे.

थक्क करायला मोठं बजेट लागतं, हा समज मात्र खरा नाही. ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख टॉम डिक्सन यंत्राची ताकद तपासायला त्यात लाकडाचे तुकडे घालून दळायचे. कारखान्यात हा रोजचा प्रकार, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. नव्याने आलेल्या मार्केटिंगच्या माणसाने ते पाहिलं आणि २००६ मध्ये त्याचे व्हिडिओ सुरू झाले. गोट्या दळल्या, पुढच्या वर्षी चक्क आयफोन. जगाने ते पाहिलं.

हे उदाहरण आम्ही कामात उतरवलं. पंपदुरुस्ती करणाऱ्या एका क्लायंटला इमारत, प्रमाणपत्रं आणि संस्थापकांचं मनोगत असलेली फिल्म हवी होती. पाहणीला गेलो तर तिथले जुने कारागीर चालू पंपाच्या बेअरिंगपाशी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दांडा कानाशी धरून उभे. ‘दादा, काय ऐकताय?’ विचारलं, तर म्हणाले, ‘चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. खराब झालं की खरखरतं. घ्या, ऐका.’ आम्ही तेवढंच चित्रित केलं. दोन्ही आवाज, कारागिरांचा हात, खाली मोठ्या अक्षरांत कॅप्शन. व्हिडिओ मेकॅनिकांच्या ग्रुपमध्ये फिरत राहिला, कारण पाहणाऱ्या प्रत्येकाला तो पाठवायला नेमका एक माणूस आठवत होता. व्ह्यूजचा आकडा डोळे दिपवणारा नव्हता, तरी कामाच्या चौकशा त्यातूनच आल्या.

आता हमीबद्दल. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. १४,००० हून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी दिली आणि वेगवेगळ्या गटांत विभागलं. इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसणाऱ्या आठ गटांत यशाची क्रमवारी वेगवेगळी लागली. एकच गाणं एका गटात पहिलं, दुसऱ्यात चाळिसावं! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. त्यात भर म्हणजे मोठा प्रसार बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या व्यासपीठावरून होतो. दुहेरी इंद्रधनुष्य पाहून भारावलेल्या माणसाचा प्रसिद्ध व्हिडिओ जानेवारी २०१० मध्ये आला, पण महिनोन्‌महिने फारसा कुणी पाहिला नाही. जुलैमध्ये टीव्ही निवेदक जिमी किमेल यांनी तो ट्विट केला आणि एकदम उसळला. व्हिडिओ तोच, एक फ्रेमही बदललेली नव्हती.

म्हणून आमच्या करारात व्ह्यूजचा आकडा नसतो. यामुळे काही कामं हातची गेली. विकतचे व्ह्यूज मिळवून आकडा दाखवणारे बरेच आहेत. आम्ही लिहून देतो ते एवढंच : पहिल्या काही सेकंदांत मुद्दा येईल, आवाज बंद ठेवला तरी समजेल आणि प्रकाशनानंतर आलेख पाहून एकदा पुन्हा एडिट करून देऊ. पहिल्या बैठकीत आमचा पहिला प्रश्न असतो, ‘हा व्हिडिओ कोण कुणाला पाठवेल?’ दोन्ही माणसं डोळ्यांसमोर येत नाहीत तोवर आम्ही शूटची तारीख ठरवत नाही.