तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात डार्करूम चालते कशी?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मग तुम्ही घरी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढता तरी कशा? भेटेल तो हेच विचारतो.

उन्हाचं फारसं अवघड नाही. डेव्हलपरला, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, २० अंश हवेत आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रीसुद्धा गरमच असतं. म्हणून डेव्हलपर मी माठातल्या पाण्यात कालवतो. आपल्या कोरड्या हवेत माठ छान गार होतो. बर्फ घ्यायचा तो ट्रेखालच्या परातीत. २० जमलं नाही तर २४ चालतं, फक्त मग रात्रभर २४च राहिलं पाहिजे.

पाण्याचं मात्र नीट सांगायला हवं. गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतली एक निगेटिव्ह माझ्या फार आवडीची आहे: नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा मानकरी, अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी, वर जानेवारीचं लख्ख ऊन. निगेटिव्हमधून कागदावर चेहऱ्याला १२ सेकंद उजेड दिला की चेहरा सुरेख येतो, पण बाराबंदी कोरी राहते, नुसता कागद. मग पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच कापडावर आणखी ८ सेकंद उजेड द्यायचा, पुठ्ठा सतत हलता ठेवून. डेव्हलपरमध्ये हळूहळू छातीवरचे बंद दिसायला लागतात, बगलेतल्या चुण्या दिसतात. त्या चुण्या पुढच्या पिढीला दिसाव्यात, एवढ्यासाठी मी धुण्याबाबत हट्टी आहे.

कारण प्रिंट टिकणार की पिवळी पडणार, हे धुण्यावर ठरतं. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमधलं रसायन, चांदीचे क्षार विरघळवतो, हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१९ मध्ये दाखवलं. कागदावरचे उजेड न लागलेले क्षार काढून टाकायला तो लागतोच; पण काम झाल्यावर कागदात उरला तर चित्रातलीच चांदी खातो. आरसी कागदाला प्लॅस्टिकचा थर असतो, तो चटकन धुऊन होतो. फायबर कागद मात्र हायपो पिऊन बसतो. त्याला तासभर वाहतं पाणी द्या, असं जुने लोक सांगतात. तेवढं पाणी इथे कोण देणार? आणि गरजही नाही. कडक रॅपिड फिक्सरमध्ये मिनिटभरच ठेवा, म्हणजे तो तंतूंत खोल मुरत नाही. मग पाच मिनिटं धुवा, दहा मिनिटं सोडियम सल्फाइटच्या पाण्यात ठेवा, पुन्हा धुवा. नळ वाहता नसेल तर ट्रे पूर्ण रिकामा करून नवं पाणी घ्या, प्रिंट हलवत राहा, असं बऱ्याच वेळा करा. कागदातला हायपो बाहेरच्या पाण्याइतका झाला की निघायचा थांबतो. म्हणून पाणी बदलणं महत्त्वाचं, धार नव्हे.

शेवटच्या धुण्याचं पाणी बादलीत साठवून मी फरशी पुसायला वापरतो. वापरलेला फिक्सर आणि पहिल्या धुण्याचं पाणी मात्र वेगळ्या कॅनमध्ये जातं. त्यात चांदी असते, ते झाडांना घालायचं नाही, गटारातही नाही.