तीन नंबर लेथचं बोरिंग

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचं छोटं मशीन शॉप आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून व्हेंडर ऑडिटला, म्हणजे माल पुरवणाऱ्याच्या तपासणीला, एक मुलगा आला. हातात टॅब, पायात कोरे सेफ्टी शूज. एकूण ६२ प्रश्न. फायर एक्स्टिंग्विशरची तारीख बघितली, प्रथमोपचार पेटी उघडून बघितली, बालकामगार नाहीत ना ते विचारलं. मग ४७वा प्रश्न आला: आपल्या कंपनीचं सीएसआर (सामाजिक जबाबदारीचं) धोरण आहे का? असल्यास वार्षिक तरतूद किती?

मी म्हटलं, आहे की. तीन नंबर लेथचं बोरिंग.

बोरिंग म्हणजे बीड (कास्ट आयर्न) कापताना पडणारा भुसा, तो भंगारात विकला जातो. मुलगा थांबला. "सर, इथं फक्त आकडा पडतो."

त्या दिवशी त्याच कंपनीकडं आमचे ११ लाख ४० हजार अडकलेले होते आणि त्यातलं सगळ्यात जुनं बिल १३२ दिवसांचं होतं. ६२ प्रश्नांत त्याबद्दल चकार शब्द नव्हता. मी त्याला बोललो नाही. पोरगं नोकरी करतंय, त्याचा काय दोष. पण रात्री झोप लागली नाही, आणि म्हटलं आमची वाटचाल एकदा लिहूनच काढू.

सुरुवात १९९६ची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याचा गाळा, राजकोट मेकचा साडेसहा फुटी सेकंडहँड लेथ आणि दोन भागीदार, मी आणि मेस्त्री. त्यांना नाव छापलेलं आवडत नाही, म्हणून मेस्त्रीच म्हणतो. यंत्रकामात नाव काढलेल्या म्हादबा मेस्त्रींच्या कोल्हापुरात ही पदवी काही फुकट मिळत नाही. भांडवल माझं, म्हणजे वडिलांच्या फंडातलं, आणि हात त्यांचा. शिवाय त्यांचा स्वतःचा ०-२५ मिमीचा मिटुटोयो मायक्रोमीटर, लाकडी डबीत, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. तो आजही आहे आणि शून्य अजून शून्यावरच येतं. आता पोरं सगळं डिजिटल व्हर्नियरनं मोजतात. मी त्यावर काही बोलत नाही. खरं तर बोलतो. व्हर्नियरनं बोअर, म्हणजे भोकाचा आतला व्यास, मोजायचा नसतो, बोअर गेज काय पूजेला घेतलाय का?

पहिलं गिऱ्हाईक जयसिंगपूरकडचे एक पंपवाले काका. शेतीपंपाचं बिडाचं केसिंग, बेअरिंग हाऊसिंग, असली कामं. शनिवारी दुपारी एम-एटीवरून यायचे, माल मोजायचे आणि जाग्यावर बिल चुकतं करायचे. एका वर्षी पाऊस नव्हता, पंप खपत नव्हते. त्या शनिवारी काका एसटीनं आले. माल न्यायला नाही, पैसे द्यायला नाही. एवढंच सांगायला की या आठवड्याला पैसे नाहीत, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला देतो. चहा घेतला आणि परत एसटीनं गेले. दहा तारखेला पैसे आले. माझ्या लेखी सामाजिक जबाबदारी म्हणतात ती मी पहिल्यांदा तिथं बघितली, आणि तिला खर्च आला तो एसटीच्या तिकिटाचा.

मधली वर्षं काम करण्यात गेली. शिरोलीला शेड झालं, बँकेचं कर्ज काढून दोन सीएनसी (संगणकानं चालणारी मशीनं) आले, माणसं चौदा झाली. जुना लेथ सरकत सरकत कोपऱ्यात गेला आणि एक नंबरचा तीन नंबर झाला. विकायचं म्हटलं की मेस्त्री जेवत नसत.

आता शेजारच्या शेडबद्दल थोडं लिहितो. नाव घेत नाही, शिरोलीत ज्याला कळायचं त्याला कळेल. आमच्याकडून एका बेअरिंग कॅपचं काम त्यानं नगाला दोन रुपये कमी लावून नेलं. दोन रुपये कुठनं वाचवले? कामगारांची ईएसआय (आजारपणाच्या विम्याची वर्गणी) भरत नव्हता, आणि खराब कूलंट (कापताना मशीनवर सोडतात ते तेलकट पाणी) रात्री नाल्यात सोडत होता. नाला जातो ओढ्याला, ओढा जातो पंचगंगेला. त्याच वर्षी पर्यावरण दिनाला त्यानं रस्त्याकडेला पन्नास झाडं लावली, फोटो पेपरात आला, पुढं कुठला तरी सामाजिक पुरस्कारही मिळाला. पन्नासातली आज सहा उभी आहेत. त्यातली दोन आमच्या गेटसमोर येतात म्हणून आमची पोरं पाणी घालतात. मी मोजलीत. बायको म्हणते, तुम्हाला दुसरं काम नाही.

आणि मग २०१९ आलं. गाड्यांचा बाजार उन्हाळ्यापासूनच बसला होता. ऑर्डरचं शेड्यूल निम्म्यावर, पुढं पावावर. मोठं गिऱ्हाईक (वर सांगितलेलं नव्हे, दुसरं, पण भाऊबंदच) १४० दिवसांनी पैसे सोडत होतं. कायदा सगळ्यांना पाठ आहे. एमएसएमईडी कायदा, २००६. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीला सरकारचं समाधान पोर्टलही होतं. पण तक्रार टाकली की पैसे मिळतात आणि पुढची ऑर्डर जाते, हे ज्यानं जॉबवर्क केलंय त्याला सांगायला नको. उलट बाजूला बँक. आमचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकबाकीदार. म्हणजे गिऱ्हाइकानं १४० दिवस लावले तर चालतं, त्यामुळं आमचे ९१ झाले तर आम्ही बुडवे! त्याच महिन्यात त्या गिऱ्हाइकाचा वार्षिक अंक आला, गुळगुळीत कागदाचा. मुखपृष्ठावर शाळेला दिलेले संगणक. मी मेस्त्रींना म्हटलं, बघा, यातला एक आपला आहे. मेस्त्री म्हणाले, "एक व्हय? दोन-तीन असतील की."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आमचं शेड उंचावर म्हणून कोरडं राहिलं, पण कास्टिंगची गाडी पलीकडं अडकली आणि चौदातली पाच माणसं चिखली-आंबेवाडीकडची. त्यांची घरं पाण्यात, फोन बंद. त्यातला एक चौथ्या दिवशी शेडवर आला तो बनियनवर. घरी जायला घर नव्हतं म्हणून आला. महिनाभर शेडमध्येच राहिला.

बँकेचा मॅनेजर फोनवर चांगलं बोलत होता, ते जास्त वाईट. घरात मी सांगितलं नाही. एक सीएनसी विकायचा, असं ठरवून गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. पगाराला पैसे नव्हते. पगार सातच्या आत करायचा असतो, आणि तेवीस वर्षांत आमची सात तारीख कधी चुकली नव्हती. शेडमागं बोरिंगचा ढीग पडला होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. बीड आम्ही कोरडंच कापतो, त्यामुळं बोरिंगला तेल नसतं आणि भाव बरा येतो. (एमएसचं, म्हणजे साध्या पोलादाचं, टर्निंग त्यात मिसळू देऊ नका. वेगळं पिंप ठेवा. भंगारवाला वरची मूठ बघत नाही, खालची बघतो.) काटा केला, साडेसहा टन भरलं, ते विकलं. थोडं कमी पडलं ते मी आणि मेस्त्रींनी घातलं. पगार झाले. सप्टेंबरमध्ये जयसिंगपूरच्या काकांच्या मुलानं न मागता दोन महिन्यांचा अॅडव्हान्स पाठवला. काका तेव्हा अंथरुणाला होते, पण निरोप त्यांचाच होता. सीएनसी राहिला.

पण सांगायचं होतं ते मोटारींचं. पाणी ओसरलं तसे नदीकाठचे शेतकरी पंप घेऊन यायला लागले. दरवर्षी पाणी वाढलं की मोटारी वर ओढून ठेवायची जागा ठरलेली असते, त्या वर्षी ती जागाच पाण्याखाली गेली. वाइंडिंगवाल्यांकडं रांगा होत्या. शाफ्टवर बेअरिंगच्या जागी गंज, बुशात गाळ, इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) जाम. आमच्याकडं ऑर्डर नव्हती, माणसं रिकामी, आणि असल्या एकेका नगाच्या कामाला सीएनसी काय कामाचा? प्रोग्राम करेपर्यंत दिवस मावळायचा. मेस्त्रींनी तीन नंबर लेथ पुसला. इम्पेलर पुलरनं काढायचा, शाफ्ट सेंटरला धरून डायल लावायचा, वाक असेल तर काढायचा, स्लीव्ह नवी, गनमेटलचा बुश नवा. फक्त बेअरिंग आणि गनमेटलचे पैसे घेतले, मजुरी नाही. तीन आठवड्यांत ६१ पंप झाले. एकाही फोटोत आम्ही नाही. फोटो काढायचं सुचलंच नाही, आणि आता वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून तीन नंबरचं बोरिंग वेगळ्या पिंपात पडतं. लेथ अजून रफिंगला आणि रिपेअरला चालतो. महिन्याला दीडशे किलोच्या आसपास निघतं, वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार होतात. त्याची वेगळी वही आहे. त्यावर मेस्त्रींची सही लागते, माझी चालत नाही.

पहिल्या वर्षी आम्हीही वह्याच घेऊन गेलो होतो, जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाई म्हणाल्या, "वह्या तिघांनी दिल्यात, कपाटात जागा नाही. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, ती बसवून देता का?" कडीची किंमत काय ती सांगत नाही, लाज वाटते. त्या दिवशी दोन कड्या, एक बिजागरी आणि दाराची खालची गंजलेली पट्टी वेल्डिंग करून बदलली. नंतर बाकांचे पाय, टाकीचा स्टँड, नळ. तेव्हा नव्यानं धंद्यात आलेल्या पोरांना सांगतो, आधी जाऊन विचारा. आणि तुमच्या मशीनला जे जमतं तेच द्या. वेल्डिंगवाल्यानं वेल्डिंग द्यावं, छपाईवाल्यानं छपाई. सगळ्यांनी वह्या देऊ नयेत.

आमचे सीए म्हणतात, तुम्हाला हे लागूच नाही. बरोबर आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, त्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. आम्ही त्या यादीच्या जवळपासही नाही. अॅप्रेंटिसचंही तसंच. माणसं तीसच्या आत असली की घेणं सक्तीचं नाही, आपणहून घेता येतात. आम्ही दरवर्षी आयटीआयची दोन मुलं घेतो, आणि स्टायपेंडचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. ही योजना आहे हे निम्म्या शिरोलीला माहीत नाही. पोरगं शिकून दुसरीकडं गेलं म्हणून रडू नका. गावातच राहतं ना? वापरलेलं तेल पिंपात साठवून अधिकृत रिसायकलरलाच द्या, पावती घ्या. कूलंट नाल्यात सोडू नका. आणि खालच्या माणसाचं बिल, ग्राइंडिंगवाल्याचं, टेम्पोवाल्याचं, आधी द्या. आमचा टेम्पोवाला शनिवारी पैसे घेऊन जातो, आमचे आले असोत वा नसोत.

२०२३-२४पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. आमच्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर मोठ्यांना तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. त्या मार्चला गिऱ्हाइकाच्या परचेसमधून स्वतःहून फोन आला, उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाच्या नोंदणीचं) पाठवा म्हणून. ३१च्या आत सगळी बिलं निघाली. एप्रिलपासून ये रे माझ्या मागल्या. मध्यंतरी सीएंनी दाखवलं, सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना जो बीआरएसआर, म्हणजे जबाबदारीचा, अहवाल लावलाय, त्यात माल पुरवणाऱ्यांचे पैसे किती दिवसांनी देता तेही छापायचं असतं. म्हणजे ते ६२ प्रश्न तिथूनच खाली आले होते, हा एक तेवढा वरच राहिला.

त्या मुलाला शेवटी मी वहीतला आकडा दिला, ४१,३००. त्यानं टाकला. जाताना तीन नंबरजवळ थांबून विचारलं, हा चालतो का अजून? मेस्त्री शनिवारचे येतातच. त्यांनी चालू करून दाखवला, चिमूटभर बोरिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. हात काळा झाला. साबण कुठं आहे ते सांगितलं.

पैसे १५८व्या दिवशी आले. या महिन्यात तीन नंबरचं १६२ किलो भरलंय. शाळेच्या खिडक्यांना जाळ्या करायच्या आहेत, मापं घेऊन ठेवलीत.