सतरावी प्लेट

रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या अगारच्या, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटा नारिंगी दिसतात. हे औषध म्हणजे विटकरी रंगाची पूड. ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी वेगळ्या द्रावकात विरघळवून मग कोमट झालेल्या अगारात घालावी लागते, आणि उजेडाने ती खराब होत असल्यामुळे ओतलेल्या प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवाव्या लागतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी अशा २४ प्लेटा मी ४८ तासांनंतर इनक्युबेटरमधून काढून टेबलावर मांडल्या. त्या दिवशी मी वहीतला एक आकडा खोडला आणि संध्याकाळी तोच पुन्हा लिहिला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू कसे निर्माण होतात हे मी तोवर पुस्तकांत वाचले होते, परीक्षेत त्यावर उत्तरेही लिहिली होती. पण ते मला खऱ्या अर्थाने उमगले त्या एका आकड्यामुळे.

प्रयोग करायला साधा होता. ई. कोलाय जीवाणूच्या, रिफाम्पिसिनने मरणाऱ्या एका स्ट्रेनच्या, म्हणजे वाणाच्या, सुमारे हजार-हजार पेशी २४ नळ्यांत, प्रत्येकी एक मिलीलिटर पोषक द्रवात सोडायच्या आणि ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर शेकरवर वाढू द्यायच्या. सकाळपर्यंत हजाराच्या शंभर कोटी होतात, म्हणजे सुमारे २० वेळा दुप्पट. या द्रवात औषधाचा थेंबही नसतो. सकाळी प्रत्येक नळीतले सगळे जीवाणू एकेका नारिंगी प्लेटवर पसरायचे. प्लेटमधल्या अगारात दर मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम रिफाम्पिसिन असते आणि त्यावर साधा ई. कोलाय वाढूच शकत नाही. ज्या मोजक्या पेशी तरीही वाढतात, त्यांच्या कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, दोन दिवसांत डोळ्यांना दिसतात. त्या मोजायच्या आणि मोजणीवरून उत्परिवर्तनाचा, म्हणजे म्युटेशनचा, दर काढायचा.

मोजण्याची पद्धत आम्हां सगळ्यांची एकच होती. प्लेट उलटी धरून प्रत्येक कॉलनीवर मागच्या बाजूने मार्करचा ठिपका द्यायचा आणि दुसऱ्या हातातला काउंटर दाबायचा. पहिली प्लेट ७, दुसरी ३, तिसरी ११, चौथी ०, पाचवी ५. सोळाव्या प्लेटपर्यंत आकडे असेच चालले होते, अधूनमधून एखादा १४ किंवा २६. सतरावी प्लेट मात्र मोजायला घेण्याआधीच वेगळी दिसली. टाचणीच्या डोक्याएवढ्या मळकट पांढऱ्या कॉलन्यांनी ती कडेपासून कडेपर्यंत भरली होती आणि मधून मधून काय तो नारिंगी रंग डोकावत होता. मी मार्करने तिचे आठ भाग पाडले आणि एकेक भाग मोजला. एकूण ४१२.

वहीत मी ४१२ लिहिले. उरलेल्या सात प्लेटा मोजल्या, त्या पुन्हा नेहमीसारख्या निघाल्या. मग मी सरासरी काढली. सतरावी प्लेट वगळून ती १० च्या आसपास येत होती. ती धरली की एकदम २७ वर जात होती. एकट्या प्लेटने सगळा प्रयोग विस्कटला होता. मी ४१२ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘दूषित’ असे लिहिले. तसे लिहिताना मला काहीही खटकले नाही, हे इथे सांगितले पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेत तुलनेसाठी रिफाम्पिसिन-प्रतिरोधी ई. कोलायचा एक स्ट्रेन ठेवलेला होता आणि त्याच आठवड्यात मी तोही हाताळला होता. पिपेटचे टोक चुकून लागले असेल, असे मी स्वतःला सांगितले आणि ती प्लेट ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करून टाकायच्या कचऱ्याच्या, पिशवीशेजारी नेऊन ठेवली.

दुपारी आमच्या मार्गदर्शक मॅडमनी वही पाहिली. त्यांचे बोट थेट त्या रेघेवर गेले.

“दूषित आहे हे कशावरून?”

“बाकीच्या प्लेटांशी काही मेळच बसत नाही, मॅडम.”

“आकडा मोठा आला म्हणून तू तो खोडलास. मग चौथ्या प्लेटवर शून्य आले आहे, ते का नाही खोडलेस?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. “खोडायचे तर कारण प्लेटमध्ये सापडले पाहिजे, बेरजेत नाही,” एवढेच म्हणून त्यांनी प्लेट मागितली. ती अजून टाकलेली नव्हती, हे माझे नशीब.

मग त्यांनी मला फळ्यापाशी नेले आणि विचारले की, प्रतिरोध औषधामुळे निर्माण होत असेल तर या २४ आकड्यांचे काय व्हायला हवे. मी विचार करत करत उत्तर दिले. औषधाशी गाठ पडल्यावरच काही पेशी बदलत असतील, तर प्रत्येक प्लेटवर तेवढ्याच पेशी, तेवढेच औषध आणि बदलण्याची तेवढीच शक्यता आहे. तेव्हा आकडे एकमेकांच्या जवळपास राहायला हवेत, सरासरी १० असेल तर बहुतेक प्लेटा ५ ते १५ च्या दरम्यान, आणि ४१२ तर जवळजवळ अशक्य. आता उलट धरून चालू. औषध दिसण्याच्या कितीतरी आधी, नळीत नुसती वाढ चाललेली असताना, एखाद्या पेशीच्या डीएनएची नक्कल होताना एखादे अक्षर चुकले. ही चूक रात्रीच्या शेवटच्या विभाजनात झाली तर सकाळी नळीत एकदोनच प्रतिरोधी पेशी असतील. ती आधी झाली, तर त्या पेशीचे अख्खे खानदान तोवर वाढलेले असेल, मुले, नातवंडे, पतवंडे, सगळी प्रतिरोधी. चूक कधी होईल याला काही नियम नाही. म्हणून बहुतेक नळ्यांत थोड्या, काहींत एकही नाही आणि क्वचित एखादीत शेकडो पेशी. बोलता बोलता मी थांबले, कारण फळ्यावर मी वर्णन करत होते ते माझ्याच वहीचे पान होते.

हाच विचार १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी मांडला होता. त्यांच्या प्रयोगात औषध नव्हते. ई. कोलायला मारणारा विषाणू होता आणि त्याला दाद न देणारे जीवाणू आधीपासून असतात की विषाणूमुळे घडतात, हा प्रश्न होता. लुरिया यांनी लिहून ठेवले आहे की, प्राध्यापकांच्या नाचाच्या एका कार्यक्रमात एक सहकारी नाणी टाकायच्या जुगाराच्या यंत्राशी खेळत असताना, बहुतेक वेळा काहीच नाही आणि मग एकदम नाण्यांचा ढीग, हे पाहून त्यांना प्रयोगाची कल्पना सुचली. गणिताची बाजू डेलब्रुक यांनी उभी केली. तेव्हापासून अशा भरलेल्या प्लेटला प्रयोगशाळांत ‘जॅकपॉट’ म्हणतात. पुढे १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडावर कॉलन्यांचा ठसा उचलून तो दुसऱ्या प्लेटांवर उमटवण्याची युक्ती वापरली आणि ज्या जीवाणूंनी औषध कधी पाहिलेलेच नाही, त्यांच्यातूनही प्रतिरोधी वंश वेगळे काढता येतात हे दाखवले. लुरिया आणि डेलब्रुक यांना आल्फ्रेड हर्शी यांच्यासह १९६९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही सगळी माहिती मला तोंडपाठ होती. ‘जॅकपॉट’ हा शब्दही मी चर्चांमध्ये वापरत असे. तरीही तो समोर आला तेव्हा मी त्याला दूषित ठरवले.

अर्थात, फळ्यावरचे स्पष्टीकरण पटले म्हणून ते त्या प्लेटला लागू पडतेच असे नाही, आणि मॅडमनी तसे समजू दिले नाही. पिपेटचे टोक खरोखर लागलेले असू शकत होते. तपासायला सोपी कसोटी हाताशी होती. माझा मूळ स्ट्रेन लॅक्टोज पचवू शकत नव्हता, तर तुलनेसाठी ठेवलेला प्रतिरोधी स्ट्रेन पचवू शकत होता. मॅकॉन्की अगारवर लॅक्टोज पचवणारे जीवाणू गडद गुलाबी दिसतात आणि न पचवणारे फिकट. सतराव्या प्लेटच्या वेगवेगळ्या भागांतून मी दहा कॉलन्या निवडल्या, निर्जंतुक काडीने प्रत्येकीचा अंश उचलला आणि मॅकॉन्कीवर तसेच ताज्या रिफाम्पिसिनच्या प्लेटवर रेघोट्या ओढल्या. दुसरी प्लेट एवढ्यासाठी की, सतराव्या प्लेटमध्ये औषधच कमी पडले असेल तर ताज्या प्लेटवर या कॉलन्या वाढणार नाहीत. शेजारी तुलनेसाठी मूळ स्ट्रेन आणि प्रतिरोधी स्ट्रेन दोन्ही ओढून ठेवले.

उत्तर सकाळीच मिळणार होते. संध्याकाळी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर मी कागद घेऊन बसले. एका पेशीपासून आठ वेळा दुप्पट झाले की २५६ होतात, नऊ वेळा झाले की ५१२. ४१२ या दोहोंच्या मध्ये येते. म्हणजे ती चूक वाढ संपण्याच्या आठ-नऊ पिढ्या आधी, वीस पिढ्यांतल्या साधारण अकराव्या-बाराव्या पिढीत झालेली असावी. उबदार पोषक द्रवात ई. कोलायची एक पिढी २० ते २५ मिनिटांची धरली आणि नळ्या मी संध्याकाळी सातला शेकरवर ठेवल्या होत्या हे लक्षात घेतले, तर ती वेळ मध्यरात्रीच्या आसपास येते. हा हिशेब ढोबळ आहे. रिफाम्पिसिनला प्रतिरोध देणारी काही उत्परिवर्तने पेशीची वाढ मंदावतात, आणि तसे असेल तर चूक आणखी आधीची ठरते. पण औषधाची प्लेट तिच्या वाट्याला आली ती सकाळी नऊनंतर. मधले नऊ तास एक प्रतिरोधी कुटुंब त्या नळीत इतर कोट्यवधी पेशींसारखेच, कुणाच्याही लक्षात न येता, नांदत होते. औषधाने त्यांना काही दिले नाही. औषधाने इतरांना मारले आणि यांना जागा करून दिली.

त्या रात्री माझ्या मनात सारखा क्षयरोगाचा विचार येत होता, कारण रिफाम्पिसिन हे क्षयावरच्या प्रमुख औषधांपैकी एक आहे. रुग्णाच्या फुफ्फुसात झालेल्या एका पोकळीत कोट्यवधी क्षयजंतू असू शकतात. माझ्या नळीत शंभर कोटींमागे मूठभर पेशी आधीच तयार होत्या, तर तिथे तसे का नसावे? १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकट्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत हेच दिसले होते. रुग्ण आधी सुधारले आणि मग अनेकांच्या शरीरात प्रतिरोधी जंतू वाढले. म्हणून आज क्षयाच्या उपचाराची सुरुवात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल या चार औषधांनी एकत्र केली जाते. एका औषधाला आधीच दाद न देणारी पेशी असण्याची शक्यता पुरेशी मोठी आहे, पण एकाच पेशीत दोन-तीन स्वतंत्र चुका एकत्र येण्याची शक्यता त्या शक्यतांच्या गुणाकाराएवढी लहान होते. चार गोळ्यांमागचे हे गणित मी आधीही शिकले होते. त्यातली संख्या मार्करने एकेक ठिपका देत मोजली, तेव्हापासून अर्धवट सोडलेल्या उपचाराची बातमी मला पूर्वीसारखी वाचता येत नाही.

सकाळी लवकर जाऊन मी इनक्युबेटर उघडला. ताज्या रिफाम्पिसिनच्या प्लेटवर दहाच्या दहा रेघोट्या भरून वाढल्या होत्या, मूळ स्ट्रेनची जागा रिकामी होती. मॅकॉन्कीवर प्रतिरोधी स्ट्रेन गुलाबी झाला होता, आणि माझ्या दहाही रेघोट्या फिकट होत्या, अगदी मूळ स्ट्रेनसारख्या. पिपेटचा दोष नव्हता. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, “आता सिक्वेन्सिंगला पाठव. आणि बाकीच्या प्लेटांवरूनही एकेक कॉलनी घे, नाहीतर या दहांचा अर्थ लागणार नाही.”

रिफाम्पिसिन जीवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या, डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या, विकराला चिकटते आणि आरएनएचा धागा पुढे सरकू देत नाही. या विकराच्या एका भागाचा आराखडा आरपीओबी नावाच्या जनुकात असतो आणि प्रतिरोध देणाऱ्या बहुतेक चुका त्याच जनुकाच्या एका छोट्या पट्ट्यात सापडतात. क्षयजंतूंमध्येही तसेच आहे. काही तासांत निदान करणारी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेली क्षयाची जनुकीय चाचणी जंतूच्या याच पट्ट्यातली ८१ अक्षरे तपासते. आम्ही तोच पट्टा वाचून घेतला. काही आठवड्यांनी अक्षरांच्या ओळी पडद्यावर आल्या. सतराव्या प्लेटच्या दहाही कॉलन्यांत ५२६ व्या जागी सीएसीचे टीएसी झाले होते, म्हणजे एका सीच्या जागी टी, आणि त्यामुळे प्रथिनात हिस्टिडीनच्या जागी टायरोसीन. दहाही सारख्या. इतर प्लेटांवरून घेतलेल्या कॉलन्यांत मात्र चुका ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या, कारण प्रत्येक नळीत ती चूक स्वतंत्रपणे आणि आपापल्या वेळी झाली होती.

दर काढताना आम्ही सरासरी वापरली नाही, कारण एका जॅकपॉटने ती कुठल्या कुठे जाते. मध्यकावर, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यावर, आधारलेल्या पद्धतीने काढलेला दर एका विभाजनाला शंभर कोटी पेशींमागे साधारण तीन असा आला. मध्यक ७ होता आणि ४१२ धरला किंवा वगळला तरी तो ७ च राहत होता. म्हणजे दर काढण्यासाठीसुद्धा मी तो आकडा खोडायची काहीच गरज नव्हती. वहीच्या त्या पानावर खोडलेला आकडा तसाच आहे, त्याखाली तारीख घालून तो मी पुन्हा लिहिला आहे, आणि त्या वंशाची एक नळी, ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये १७ क्रमांकाच्या चिठ्ठीसह ठेवलेली आहे.