तुम्ही विचारलंत म्हणून: कमी खर्चातल्या भुतांविषयी

इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर मी अनेक वर्षे रंगभूषा करत आले आहे. तालमीत असो की कुणाच्या घरच्या सत्यनारायणाला, ओळखीची माणसे मला हमखास विचारतात की, गंभीर नाटकांत रमणाऱ्या तुम्हांला ते कमी खर्चातले, रबरी मुखवट्यांच्या विनोदी भुताटकीचे चित्रपट कसे काय आवडतात? या प्रश्नामागे बहुधा असा समज असतो की, हे चित्रपट वाईट असतात आणि त्यांच्या वाईटपणाला हसण्यातच त्यांची गंमत असते. मला हे मान्य नाही. खरोखर वाईट असलेला चित्रपट दहा मिनिटांत कंटाळा आणतो. हाताशी पैसा नसताना भीती आणि हसू एकाच क्षणात उभे करण्याचे जे कसब आहे, त्याची मला ओढ आहे.

रक्ताचे उदाहरण घेते, कारण ते माझ्या रोजच्या कामातले आहे. साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग मिसळला की रक्त तयार होते, पण रंगमंचाच्या पिवळ्या उजेडात ते नारिंगी दिसते, म्हणून त्यात चिमूटभर कोको घालून ते गडद करावे लागते. एवढे करूनही प्रेक्षकाला ते रक्त वाटते, ते नट ज्या नजरेने आपल्या हाताकडे पाहतो तिच्यामुळे. साहित्य जितके साधे, तितका भार नटावर आणि वेळ अचूक साधण्यावर पडतो.

अमेरिकी दिग्दर्शक सॅम रायमी यांचा ‘द ईव्हिल डेड’ हा भयपट १९८१ साली आला. जंगलातून वेगाने येणाऱ्या दुष्ट शक्तीची नजर त्यांना दाखवायची होती, पण धावतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारे महागडे यंत्र परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी कॅमेरा एका फळीवर घट्ट बसवला आणि दोघांनी ती फळी दोन टोकांना धरून झाडाझुडपांतून धाव घेतली. ती शक्ती आपल्याला दिसतच नाही, आपण तिच्या डोळ्यांनी पाहत राहतो, आणि हे कोणत्याही मुखवट्याहून अधिक भीतिदायक आहे. १९८७ च्या दुसऱ्या भागाला पैसा बराच जास्त मिळाला होता, तरी त्यातला माझा सर्वांत आवडता प्रसंग जवळजवळ फुकटातला आहे: नायक झालेल्या ब्रूस कॅम्पबेल यांचा हात झपाटला जातो, तो त्यांच्याच डोक्यावर बशा फोडतो आणि ते स्वतःच्या हाताशी जिवाच्या आकांताने झुंजतात.

हे वाचताना मराठी वाचकाला लक्ष्मीकांत बेर्डे आठवले नाहीत तरच नवल. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला, आणि पाध्ये यांच्या हातात तो जिवंत होतोच, परंतु आपल्याला धडकी भरते ती समोरच्या बेर्डे यांच्या चेहऱ्याकडे पाहून. तो चेहरा आधी अविश्वासाने आणि मग भीतीने ज्या टप्प्याटप्प्याने बदलत जातो, त्याच टप्प्यांवर प्रेक्षक हसतही असतो. त्या भीतीत त्यांनी जराही कसूर केली असती, ‘बाहुलाच तर आहे’ असे क्षणभर डोळ्यांतून सुचवले असते, तर हसूही विरले असते. हौशी नटांना मी हा चित्रपट याच कारणासाठी पाहायला सांगते.

हिंदीत स्वस्तातले भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंविषयी मला आदर आहे, पण तेथे मन थोडे अडते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी हा राक्षस अजूनही अंगावर येतो. मात्र जगदीप यांचे विनोदी उपकथानक वेगळ्या रुळावरून धावते, त्यामुळे भूत आले की विनोद थांबतो आणि विनोद आला की भूत बाहेर ताटकळते. हे दोन रस एकत्र शिजावे लागतात.

आमच्याच मध्य प्रदेशातल्या चंदेरीत चित्रित झालेल्या अमर कौशिक यांच्या ‘स्त्री’ने (२०१८) ते साधले. तो फार स्वस्तातला चित्रपट म्हणता येणार नाही, पण त्यातली सर्वांत परिणामकारक वस्तू म्हणजे घरांच्या भिंतींवर लिहिलेली ‘ओ स्त्री कल आना’ ही ओळ. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश एवढ्यात अख्खे गाव घाबरलेले दिसते, आणि भुताला उद्या यायची विनंती करणाऱ्या त्या गावाचे हसूही येते.

न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांनी आपला पहिला चित्रपट ‘बॅड टेस्ट’ (१९८७) मित्रांना घेऊन, सुट्टीच्या दिवशी चित्रण करत, सुमारे चार वर्षांत पुरा केला. त्यातले परग्रहवासीयांचे मुखवटे त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले. हे कळल्यावर मला तो चित्रपट अधिकच आवडू लागला, कारण गणेशोत्सवातल्या एकांकिकांसाठी आम्हीही राक्षसाची शिंगे घरच्या ओट्यावरच घडवतो.

मात्र माझे संपूर्ण उत्तर एकाच चित्रपटात आहे. शिनिचिरो उएदा यांचा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) साधारण ३० लाख येनमध्ये, फारशी ओळख नसलेल्या नटांना घेऊन तयार झाला आणि त्याने जपानमध्ये ३ अब्जांहून अधिक येन मिळवले. त्याची पहिली ३७ मिनिटे एकाच अखंड चित्रणाची आहेत. संवाद मध्येच अडखळतात, एखादे पात्र कारण नसताना बाहेर निघून जाते, कॅमेऱ्याच्या भिंगावर रक्त उडते आणि ते तेथेच पुसले जाते. हा सारा कच्चेपणा का आहे, हे पुढच्या भागात उलगडते. ते मी येथे सांगणार नाही. एवढेच सांगते की, पडद्यामागच्या माणसांची धडपड त्या भागात ज्या प्रेमाने दाखवली आहे, ती पाहताना विंगेत पावडरचा डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या माझ्यासारखीच्या डोळ्यांत हसता हसता पाणी येते.

म्हणून ज्यांनी विचारले, त्यांनी सुरुवात याच चित्रपटाने करावी, त्याच्याविषयी आधी काही वाचू नये, शक्यतो चार माणसांना सोबत घेऊन तो पाहावा, आणि पहिली ३७ मिनिटे कितीही फसलेली वाटली, तरी कोणालाही उठू देऊ नये.