दाबल्यावर पांढरं होतंय का?

रात्री साडेनऊच्या सुमारास दार वाजलं. उघडलं तर माझ्याकडे येणाऱ्या स्कीअर मुलीची आई, हातात मोबाइल. “ताई, झोपला नव्हतात ना? जरा हा फोटो बघता का?”

उजव्या बाजूच्या बैठकीच्या हाडावर एक लालसर डाग होता, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी जायंट स्लालमची रेस, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांच्या गेटमधून वळत-वळत खाली येण्याची शर्यत. आणि डागाची जागा पाहिल्याबरोबर मला कळलं की तो कुणामुळे आलाय. माझ्यामुळे.

मी ऑर्थोटिस्ट आहे. वर्षभर कॅलिपर, स्प्लिंट आणि पाठीचे पट्टे, हिवाळ्यात मोनोस्कीच्या बकेट. पायांत ताकद नसलेला स्कीअर या बकेटमध्ये बसून उतारावरून येतो. बकेटखाली धातूचा सांगाडा, त्यात शॉक अब्जॉर्बर आणि तळाशी एकच स्की. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे टोकाला छोटी स्की बसवलेल्या कुबड्या. उभ्याने स्की करणाऱ्याला जसा बूट, तशी हिला बकेट. कंबर जरा वळली की ती हालचाल थेट स्कीच्या कडेपर्यंत पोचायला हवी. मध्ये बोटभर पोकळी राहिली तरी अंग आधी वळतं, स्की मागाहून, आणि तेवढ्यात गेट निघून गेलेलं असतं. म्हणून बकेट घट्ट लागते. आणि घट्ट बकेटचं कातडीशी वैर. माझा सगळा धंदा या भांडणात मध्यस्थी करण्याचा.

हा धंदा तसा अलीकडचाच. १९७६ साली स्वीडनमध्ये पहिल्या हिवाळी पॅरालिम्पिक झाल्या, तेव्हा स्कीइंग होतं ते हात-पाय गमावलेल्यांचं आणि अंधांचं. बसून स्की करणाऱ्यांना पदकांच्या शर्यतीत जागा मिळाली ती १९८८ मध्ये, इन्सब्रुकला. त्यामुळे आमच्याकडे पिढीजात ज्ञान वगैरे फारसं नाही. चुकत-चुकत शिकायचं, आणि चूक उमटते दुसऱ्याच्या अंगावर.

माझी चूक अशी. सरावाच्या महिन्यांत मुलगी बारीक झाली होती. आठवड्यापूर्वी म्हणाली, “ताई, मी आत हलतेय.” योग्य उपाय एकच होता, प्लास्टर लावून नवा साचा घेणं. त्याला वेळ नव्हता, म्हणजे मी काढला नाही. उजव्या बाजूला फोमची एक पट्टी चिकटवली, तिची कड तासली आणि “बघ आता” म्हटलं. तिने दोन फेऱ्या मारल्या, एकदम खूश. मीही खूश. पट्टीमुळे बाजूची पोकळी भरली हे खरं, पण त्यामुळे ती आत किंचित डावीकडे सरकली होती आणि उजवं हाड जुन्या खळग्याच्या काठावर येऊन बसलं होतं. हे मला सुचलं ते फोटो पाहिल्यावर.

मज्जारज्जूला इजा झाल्यापासून तिला कमरेखाली काही जाणवत नाही. तुम्ही-आम्ही खुर्चीत बसल्या-बसल्या सारखे नकळत सरकत असतो, कारण खालून तक्रार येते. तिच्या बाबतीत ती तक्रार तिच्याकडे येतच नाही, तिच्या आईकडे येते. रोज रात्री टॉर्च घेऊन आई बघते: दोन्ही बैठकीची हाडं, माकडहाड, खुबे, टाचा. पोरगी आरशात स्वतःही बघू शकते, बघतेही, पण रेसच्या आदल्या रात्री माणूस आरशाशी कितपत प्रामाणिक राहतो कोण जाणे. आईने वर्षानुवर्षं एकही रात्र चुकवलेली नाही. मी मात्र पट्टी चिकटवल्यानंतर “कातडी बघत राहा” एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं.

खोलीत गेले तर ती पालथी पडून मोबाइलवर आदल्या रेसचा व्हिडिओ बघत होती. मी डागावर बोट दाबलं, उचललं. पांढरा ठसा उमटला आणि हळूहळू पुन्हा लाल झाला.

“पांढरं होतंय का?” तिने मान न वळवता विचारलं.

“होतंय.”

हा प्रश्न त्या घरात सगळ्यांनाच पाठ आहे. दाबल्यावर पांढरं होतं म्हणजे रक्त अजून खेळतंय, भार काढला की डाग जातो. पांढरं झालंच नाही, तर वरून कातडी अखंड दिसली तरी आत इजा सुरू झालेली असते. तशावर बसत राहिलं तर जखम होते, आणि ती भरायला महिने जातात. महिने म्हणजे पालथं पडून काढलेले महिने, नुसता सीझन नव्हे.

अर्ध्या तासाने डाग जवळजवळ दिसेनासा झाला. ती म्हणाली, “मग उद्या उतरतेय मी.” मी हो म्हटलं.

बकेट घेऊन मी खाली वॅक्सच्या खोलीत गेले. तिथे तिचे बाबा स्की उलटी मांडून इस्त्री फिरवत होते. मेण वितळवून तळावर पसरायचं, थंड होऊ द्यायचं, स्क्रेपरने खरवडायचं, ब्रश मारायचा. हे सगळं ते पन्नाशीनंतर शिकले आणि आता कुणाला हात लावू देत नाहीत. मी पट्टी उचकटली, हीट गनने खळग्याचा काठ मऊ करून मागे दाबला, वर पातळ फोम लावला. त्यांनी एकदाच विचारलं, “मॅडम, जमेल ना?” मी म्हटलं, “पहिल्या फेरीपुरतं नक्की. त्यानंतर बघून सांगते.” त्यांनी मान डोलावली आणि परत इस्त्री उचलली.

सकाळी कोर्सची पाहणी झाली. मग चेअरलिफ्ट. हा प्रकार मी कितीही वेळा बघितला तरी माझा श्वास अडकतोच. लिव्हर ओढून बकेट वर उचलायची, आउटरिगरच्या दोऱ्या ओढून पुढच्या स्की उभ्या करायच्या, मागून खुर्ची येते त्या क्षणी हातांनी स्वतःला मागे ढकलायचं. शेजारी धाकटा भाऊ बसतो. वर पोचला की तो आधी तिच्या पायांच्या कव्हरमध्ये हात घालून बोटं चाचपतो. पाय गारठले तरी तिला कळत नाही, म्हणून त्याचा हात.

पहिली फेरी चांगली झाली. मी खाली उभी होते आणि खरं सांगायचं तर गेट बघत नव्हते. ती डावीकडे वळताना कंबर आणि स्की एकदम वळताहेत का, एवढंच बघत होते. वळत होत्या.

भाऊ मोबाइल काढून हिशोबाला बसला. बसून खेळणाऱ्यांत धडावरचा ताबा सगळ्यांचा सारखा नसतो, म्हणून प्रत्येक वर्गाला एक फॅक्टर असतो आणि घड्याळातल्या वेळेला त्याने गुणतात. समजा फॅक्टर ०.८० आणि घड्याळात ७० सेकंद, तर निकालात ५६. सगळ्या वेळा गुणून झाल्यावर तो ओरडला, “तिसरी आहेस तू! तिसरी!”

दुसरी फेरी दोन तासांनी होती. तंबूत तिला बकेटमधून काढून बाकावर पालथं झोपवलं. आई आणि भाऊ पाठमोरे उभे राहिले, जॅकेटं पसरून आडोसा केला. डाग परत आला होता, कालच्यापेक्षा थोडा मोठा, कडेला जांभळट. मी दाबलं. उचललं. लालच. पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ. बोट उचललं तेव्हा माझ्या नखाची खूण तेवढी दिसली.

“पांढरं होतंय का?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. तोंडावर आलेलं वाक्य होतं, “थोडंसं होतंय.” आणि फेरी जेमतेम सव्वा मिनिटाची. तेवढ्याने काय होणार, असं स्वतःला सांगायला वेळ लागत नाही. पण फेरीआधी लिफ्ट असते, वर थंडीत पट्टे आवळून थांबणं असतं, आणि सगळा भार त्याच हाडावर.

“नाही,” मी म्हटलं.

आईने जॅकेट खाली केलं नाही, मान वळवून फक्त माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, “अर्ध्या तासाने परत बघूया ना.” बघितलं. तसंच होतं.

ती बराच वेळ बाकाच्या फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही मागच्या आठवड्यातच साचा घ्यायला हवा होता.”

“हो.”

“वेळ नाही म्हणालात.”

“म्हणाले होते.”

यावर मी माफी मागितली, ती तिने घेतली की नाही ते मला आजही नीट सांगता येणार नाही. “बाबांना सांग,” ती भावाला म्हणाली, “स्टार्टला कळवा म्हणावं, मी उतरत नाही.” बाबा बाहेर स्कीवर शेवटचा ब्रश मारत होते. भावाने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, ब्रशचा आवाज थांबला तेवढा कळला.

संध्याकाळी वॅक्सच्या खोलीत डोकावले. त्यांनी मेणाचा जाड थर दिला होता आणि तो खरवडला नव्हता. स्की बरेच दिवस ठेवून द्यायची असली की तसंच करतात.

निघताना तिची आई भेटली. “साचा कधी घ्यायचा?”

“डाग पूर्ण गेल्यावर. साच्यासाठी तिला बसवावं लागेल.”

“बरं. मग रोज रात्री फोटो पाठवते.”

त्या रात्री साडेनऊला पहिला फोटो आला. डागाशेजारी मोजपट्टी ठेवलेली होती.