कृष्णा सांगलीत खळखळ वाहत नाही

नववीच्या वर्गाला ‘नदीकाठची संध्याकाळ’ लिहायला दिली की बहुतेक वह्यांत नदी खळखळ वाहते, पाखरं किलबिलाट करतात, सूर्याचा तांबडा गोळा मावळतो आणि सगळं वातावरण निसर्गरम्य होऊन जातं. लिहिणारी मुलं सांगलीचीच, आठवड्यातून दोनदा घाटावर जाणारी. पावसाळा सोडला तर कृष्णा इथं रुंद आणि संथ असते. खळखळ होते ती उथळ पाणी दगडगोट्यांवरून उतरतं तिथं. सरकारी घाटाच्या पायऱ्यांवर बसलं तर पाण्याचा आवाज एवढाच येतो : होडी पुढं गेली की मागची लाट खालच्या पायरीवर चापटी मारते, दोनदा, तीनदा, आणि गप्प होते. मुलांनी हा आवाज शंभरदा ऐकलेला असतो. वहीत मात्र गाईडातली नदी उतरते.

वर्णन शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ आणि संताप याच एका जागी खर्च झाला. निरीक्षण मुलं पटकन शिकतात, टिपणंही चांगली काढतात. टिपणाचा परिच्छेद करायला बसली की गाईड परत येतं.

टिपणाचं आधी थोडक्यात. जागा एक, बसायचा कोपराही एकच, वेळ पंधरा मिनिटं, बोलायचं नाही, मोबाईल नाही. फोटो काढला की मुलं नंतर फोटोचं वर्णन करतात, आणि फोटोला वास नसतो. बारा नोंदी हव्यात : डोळ्यांच्या चार, कानांच्या तीन, नाकाच्या दोन, त्वचेच्या तीन. जिभेची नोंद खरंच काही खाल्लं असेल तरच. प्रत्येक नोंदीत एक वस्तू आणि ती काय करते आहे ते. छान, सुंदर, मनमोहक, भयाण हे शब्द बंद, कारण ते जागेबद्दल काही सांगत नाहीत, बघणाऱ्याचा निकाल तेवढा सांगतात. वासाशी मुलं हमखास अडतात. ‘मॅडम, वास कसा लिहायचा?’ तर वासाला विशेषण शोधायचं नाही, तो कशातून येतोय ते लिहायचं : भिजलेल्या पोत्याचा, नुकत्या विझवलेल्या स्टोव्हचा, कारखान्याकडून वारा आला की मळीचा.

आता अडतं ते. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातून आणलेली टिपणं एकदम चांगली असतात. हमालाच्या भुवया पिवळ्या झालेल्या. पोतं आपटलं की शिवणीतून उडणारी धूळ आणि पाठोपाठ तीन शिंका. वाळलेलं हळकुंड मोडताना येणारा टणक आवाज आणि आतला गर्द नारिंगी रंग. दुसऱ्या दिवशी त्याच वहीत परिच्छेद येतो : ‘मार्केट यार्ड खूप मोठे होते. तिथे पोती होती. हमाल होते. वातावरणात हळदीचा सुगंध दरवळत होता.’ भुवया गेल्या, शिंका गेल्या, हळकुंड गेलं.

पहिलं कारण व्याकरणातलं आहे आणि त्यावर इलाज लगेच चालतो. ‘होता-होती-होते’ हेच मुख्य क्रियापद झालं की वाक्य यादी बनतं. ‘पोत्यांची थप्पी होती’ यात थप्पी काहीच करत नाही. ‘थप्पी पत्र्यापर्यंत चढली होती’ यातही ‘होती’ आहे, पण काम ‘चढली’ करतं, म्हणून ते चालतं. एकशेवीस शब्दांत नुसतं ‘होता’ दोनदाच, हा माझा नियम. मुलं पेन्सिलनं गोल करून स्वतः मोजतात. ‘मला दिसले’, ‘ऐकू येत होते’ हेही खोडायचं. आवाज लिहिला म्हणजे कुणीतरी ऐकला हे वाचणाऱ्याला कळतंच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. परिच्छेदात कुणी उभंच नसतं. जागा कोण बघतंय आणि त्याला तिथं काय हवंय हे ठरल्याशिवाय बारा नोंदींतल्या कुठल्या ठेवायच्या ते ठरत नाही, मग मुलं सगळ्याच कोंबतात किंवा सगळ्याच टाकतात. म्हणून एकच यार्ड दोघांच्या डोळ्यांनी लिहून घेते आणि बारांतल्या पाचच नोंदी वापरायला देते. हळदीच्या दराची वाट बघणारा शेतकरी असा लिहितो : ‘व्यापाऱ्यानं माझ्या पोत्यातलं हळकुंड उचललं, मोडलं, आत बघितलं आणि न बोलता पुढच्या पोत्याकडं वळला. अर्धं हळकुंड माझ्या पायाशी पडलं.’ हमालाला तो व्यापारी दिसतही नाही : ‘ताग मानेला घासतो. ट्रकची फळी दुसऱ्या पावलाला वाकते. भुवयांवरून घाम उतरतो तो पिवळाच.’ दोन्हीकडं यार्ड मोठं असल्याचं कुठंच म्हटलेलं नाही. हे नमुने मुलांनी स्वतः लिहिल्यावरच दाखवायचे. आधी दाखवले तर सगळ्या वर्गाच्या पायाशी अर्धं हळकुंड पडतं.

तिसरं कारण भीती. घरचा शब्द निबंधात चालत नाही, ही भीती मुलांच्या मनात मोठ्यांनी घातलेली आहे. एका सराव परीक्षेचे आमच्या वर्गाचे पेपर तपासायला बाहेरच्या शिक्षकांकडं गेले होते. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘शेजारच्या रानात पाचट पेटलं की काळ्या काड्या उडत येऊन आमच्या वाळवणावर पडायच्या.’ तपासणाऱ्यांनी ‘रान’, ‘पाचट’ आणि ‘वाळवण’ला लाल गोल केले, समासात ‘प्रमाणभाषा वापरा, अलंकार नाहीत’ असं लिहिलं आणि गुण कापले. त्याच गठ्ठ्यात ‘निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केली होती’ याला बरोबरची खूण होती. हे मला आजही सहन होत नाही. पाचट हे एका वस्तूचं नाव आहे. त्याच्या जागी ‘उसाची वाळलेली पाने’ लिहिलं की शब्द तीन होतात आणि चित्र पुसट होतं. त्या मुलीनं पुढचे दोन महिने वहीत एकही घरचा शब्द लिहिला नाही. तिला परत वळवायला जेवढे तास गेले तेवढे साऱ्या वर्गाला पंचेंद्रियं शिकवायला गेले नाहीत.

तेव्हापासून फळ्यावर एक ओळ कायम असते : वाक्यरचना प्रमाण, वस्तूंची नावं घरची. सरी, बांध, पेव, भडंग, तोलाई, सगळं चालेल. आणि घरून प्रत्येकानं असे दहा शब्द आजी-आजोबांना विचारून आणायचे.

माहिती आणि वर्णन यांची गल्लतही होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण परिच्छेदाच्या मध्ये ते आलं की चित्र थांबतं. आकडा कधी चालतो? बघणाऱ्याच्या पोटात त्यानं गोळा येत असेल तेव्हा. पुराच्या वर्णनात ‘निसर्गाने रौद्र रूप धारण केले’पेक्षा सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी जास्त बोलते. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ‘बाबा दर तासाला पुलाचा आकडा विचारत होते’ एवढं लिहिलं की सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. त्याच्या खाली भिंतीवरची गाळाची रेघ आणि पाणी ओसरल्यावरचा कपाटातला वास.

वह्या तपासताना मी एकच गोष्ट बघते. हे वाक्य कराडच्या किंवा वाईच्या वर्णनात जसंच्या तसं बसेल का? बसत असेल तर खाली रेघ, बाकी शेरा नाही. मुलानं ते वाक्य स्वतःच्या टिपणातल्या एका नोंदीनं बदलायचं. सगळं पुन्हा लिहायला लावलं की मुलं कंटाळतात आणि गाईडाकडं जातात, म्हणून एका वेळी तीनच वाक्यं.

यार्डात न्यायचं तर सौदे चालू असतानाच न्या, आधी परवानगी घेऊन, दहा-दहाच्या गटानं, हमालांच्या वाटेतून बाजूला. धुळीचा त्रास असणाऱ्या मुलांना आत नेऊ नका. त्यांना यार्डाच्या फाटकाशी बसवा. आत-बाहेर होणारे ट्रक आणि चहाची गाडी एवढ्यात बारा नोंदी होतात. पावसाळ्यात शाळेचा व्हरांडा पुरतो. फक्त मुलांना दरवेळी वेगळ्या खांबाशी बसवायचं, कारण पन्हाळीजवळचा पाऊस आणि चपलांच्या ढिगाजवळचा पाऊस वेगळा ऐकू येतो.